पाण्याच्या वजनाचा बाण

बाणवाल्या काकांच्या घरात माणूस एकच राहायचा, पण आवाज दोन यायचे. माझी आणि त्यांची ओळख त्या दुसऱ्या आवाजामुळे झाली. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीची मी तेव्हा नुकतीच सेक्रेटरी झाले होते आणि आधीच्या मंडळींनी राहू दिलेली कामं कागदावर उतरवून एकेक खोडत होते. एका सकाळी सावंतवहिनी आल्या. "माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आलाय," त्या म्हणाल्या, "रोज दोघांचं बोलणं ऐकू येतं. तुमच्याकडे नोंद आहे का?" नोंद नव्हती. मी भाडेकरूचा फॉर्म घेतला, पेन घेतलं आणि वर गेले.

दार बंद होतं आणि आत खरंच दोघे बोलत होते. 

"हवा?"

"भरली हाय."

"झडप?"

"बंद हाय."

"रबर?"

"लावलाय."

"समोर कोणी?"

"कोन नाय. सोड."

मग फट् असा आवाज झाला, पाणी उसळलं आणि काहीतरी भिंतीवर आपटून फरशीवर पडलं. मी बेल वाजवली. सत्तरीच्या एका सडपातळ गृहस्थांनी दार उघडलं. बनियन पुढून भिजलेला, चष्म्याच्या काचांवर थेंब.

"भाडेकरू कुठे आहेत?" मी विचारलं.

"तो बेलपाड्याला असतो," ते म्हणाले. "इथे फक्त त्याचा आवाज असतो."

त्यांनी मला न्हाणीघरात नेऊन सगळं दाखवलं. निळं पिंप काठोकाठ भरलेलं, पिंपाच्या तळाशी उभी बसवलेली प्लॅस्टिकची नळी, नळीला जोडलेली एक छोटी बाटली आणि सायकलचा पंप. पंपाने बाटलीत हवा भरायची. झडप उघडली की ती हवा नळीत घुसते आणि नळीतली वस्तू पाणी फोडून बाहेर जाते. ती वस्तू त्यांनी माझ्या हातात दिली. पेनापेक्षा जाड, लाटण्यापेक्षा बारीक, टोकाला मऊ रबर, शेपटीला चार इवले पंख. "खरं तर क्षेपणास्त्र म्हणायला हवं," ते म्हणाले. "पण रोजच्या वापराला शब्द लांब पडतो. आम्ही बाण म्हणतो." रिमोटवर चालणाऱ्या, हातात उचलता येईल एवढ्या पाणबुडीचे हे बाण. पाणबुडी पाण्याखाली असताना सुटायचे आणि पाण्याबाहेर उडायचे.

मी कामाचा प्रश्न विचारला. "पाणबुडी कुठे आहे?"

"तीही बेलपाड्याला," काका म्हणाले आणि टॉवेलने चष्मा पुसू लागले.

फॉर्म मी कोराच परत आणला.

काकांची एक पद्धत होती आणि तिच्याबाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. बाण सोडण्याआधी करायच्या गोष्टी एकाने मोठ्याने विचारायच्या आणि दुसऱ्याने त्या तपासून उत्तर द्यायचं. "विचारणारा आणि करणारा एकच असला की माणूस स्वतःला सूट देतो," ते म्हणत. बेलपाड्याचे पाटील सोबत होते तोवर काका विचारत आणि पाटील उत्तरं देत. पाटील यायचे थांबले, पण पद्धत थांबली नाही. काका स्वतःच्या आवाजात विचारायचे आणि पाटलांच्या आवाजात उत्तर द्यायचे. नक्कल म्हणून ते हे करत नव्हते. पाटलांचं उत्तर देताना ते खरोखर वाकून झडप बघत आणि एखादे वेळी त्या आवाजात "थांब, नाय बसली नीट" असंही म्हणत. मग काका थांबत.

तळोज्याच्या एका मोल्डिंगच्या कारखान्यात दोघांनी नोकरी केली होती. काका ड्रॉइंग काढायचे, पाटील त्यावरून साचे करायचे. पाटलांच्या घरी एकेकाळी मिठागर होतं, त्यामुळे पाणी कुठून शिरेल आणि कुठे थांबेल हे त्यांच्या अंगात होतं. जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी मोबाइलवर परदेशातल्या छंदिष्टांची पाणबुडी पाहिली आणि दोघे त्यात पडले. निवृत्तीनंतर वाटणी ठरली. होडी पाटलांची, बाण काकांचे. पाणबुडीला दोघेही होडीच म्हणत, फक्त पाटलांच्या तोंडी ती होरी होई. विचुंब्याच्या तळ्यावर दर रविवारी दोघे जात. गावातली माणसं काठावर येऊन उभी राहत आणि म्हाताऱ्यांची चेष्टा करत.

भांडण त्याच तळ्यावर झालं. बाण सुटला, झकास उडाला. काकांची मान वर होती, ते त्याच्याकडे पाहत राहिले. पाटील नेहमीप्रमाणे होडीकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत होडीने नाक खाली घातलं आणि ती गाळात गेली. पाटील कपड्यांसकट उतरले आणि छातीभर पाण्यात चाचपडून त्यांनी ती वर काढली. आतली मोटर, बॅटरी, सगळं संपलं होतं. "तुज्या बाणानं माजी होरी बुरवली," पाटील म्हणाले. "तुझी होडी गळकी होती, बाण तर बरोबर गेला," काका म्हणाले. दोघांनीही आपापल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि एकाने पाहिलेलं दुसऱ्याने पाहिलं नव्हतं. मग दोघे वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेले. मला हे काकांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं, आणि दर वेळी शेवटी म्हणाले, "बाण तर बरोबर गेला होता."

पण त्यांना कारण कळलेलं होतं. बाण हलका होता. तो गेला आणि रिकाम्या नळीत पाणी भरलं. पाणी बाणापेक्षा जड, म्हणून होडीचं नाक जड झालं. यावर उपाय एकच. नळीत मावणाऱ्या पाण्याचं वजन जेवढं, बरोबर तेवढ्या वजनाचा बाण करायचा. म्हणजे बाण बाहेर, पाणी आत, आणि होडी होती तशीच. "बाण गेला पाहिजे, आणि होडीला कळता कामा नये," हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा त्यांच्या ओट्यावर मिक्सरच्या जागी होता. मिक्सर पलंगाखाली होता.

जड बाण उडवायला जोर जास्त लागतो. त्यामुळे पिंप न्हाणीघरातून गच्चीवर गेलं, आणि एक दिवस एक बाण सावंतवहिनींच्या उडदाच्या पापडांमध्ये पडला. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "काका, पाकिस्तान तिकडे आहे. पापड आमचे आहेत." काका टेप घेऊन आले, आधी पिंपापासून पापडापर्यंत अंतर मोजलं, मग माफी मागितली, मग विचारलं, "पापड टोकाने फुटला की शेपटीने?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी गच्चीच्या वापराचं वेळापत्रक केलं. सकाळी वाळवणं, दुपारनंतर बाण. पुढे वहिनी स्वतःहून ओरडून सांगू लागल्या, "काका, पापड उचलले हो, मारा आता!"

या बाणांमध्ये एक अडचण होती. हलके बाण पाण्यावर तरंगत, काठीने ओढून परत घेता येत. पाण्याच्या बरोबरीचं वजन दिलेला बाण नळीपेक्षा बारीक असल्यामुळे पाण्यात पडला की तळाला जाई. म्हणजे बरोबर केलेला प्रत्येक बाण एकदाच सोडता येणार आणि परत मिळणार नाही. मी म्हटलं, "मग इतकी पॉलिश कशाला करता?" ते म्हणाले, "जायचाच आहे तो. निदान नीट जाऊ दे."

त्यांच्या घरी मला वरचेवर जावं लागू लागलं ते हातामुळे. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्यांच्या वेळा मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या. वेळ पाळली जातेय का हे बघायला जायचे आणि मग तिथेच थांबायचे. आधी मी फक्त विचारण्याचं काम घेतलं. "हवा?" मी म्हणायचे आणि ते पाटलांच्या आवाजात उत्तर द्यायचे. मी एकदा सुचवलं की आता मी आहे तर उत्तर तुमच्या आवाजात दिलंत तरी चालेल. "तो आवाज जरा खणखणीत आहे," ते म्हणाले. "माझा बसत चाललाय." ते खरं होतं. स्वतःचं बोलताना ते पुटपुटत आणि पाटलांचं बोलताना दाराबाहेर ऐकू जाई.

मग मी डिंक लावायचे, पंख बसवायचे, फुग्याचं रबर गोल कापून नळीच्या तोंडावर ताणून बांधायचे. बाण सुटेपर्यंत नळी कोरडी राहावी म्हणून ते रबर. मला त्यातलं कळत फार नव्हतं, पण सांगितलेल्या क्रमाने काम करणं मला जमतं. "सेक्रेटरीबाई, तुम्ही कारखान्यात असायला हवं होतं," ते म्हणायचे. माझ्या घरीही मी एकटीच असते. पण माझ्या घरात एकच आवाज असतो आणि तोही फोनवर बोलताना.

एकदा मी डबा द्यायला गेले. त्या दिवशी बाणांचं काम नव्हतं. दार लोटलेलं होतं. काका स्वयंपाकघरात कुकरपाशी पाठमोरे उभे होते.

"भात पुरेल का?" ते म्हणाले.

"पुरंल," पाटलांच्या आवाजात उत्तर आलं. "वाईच पानी घाल."

त्यांनी पाणी घातलं. मी डबा बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

थंडी सुरू झाली तेव्हा नाशिकहून त्यांची मुलगी आली. काका एकदा घरात पडल्याचं तिला कळलं होतं. काकांनी लपवलं होतं, सावंतवहिनींनी कळवलं. मुलगी समजूतदार होती, रडारड न करता तिने सांगितलं, "बाबा, आता एकटं नाही राहायचं. संक्रांतीनंतर मी न्यायला येते." काकांनी वाद घातला नाही. ती गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. ओट्यावर दोन बाण ठेवले होते, पांढरे, चकचकीत.

"हे झाले," ते म्हणाले. "काट्यावर पाण्याच्या बरोबर उतरतात. जायच्या आधी हे त्याच्या होडीतून सुटायला हवेत. आणि त्याने बघायला हवं."

"मग फोन करा पाटलांना."

"मी करणार नाही."

"का?"

"तो म्हणेल, बाण बरोबर होता म्हणत होतास ना, मग आता नवा कशाला?" त्यांनी दोन्ही बाण फडक्यात गुंडाळले. "तुम्ही सेक्रेटरी आहात. नोटीस काढा त्याला."

नोटीस मी काढली नाही, पण बेलपाड्याला गेले. खारघरच्या उंच इमारतींच्या मधोमध ते गाव अजून आहे. पाटलांचं घर चार मजली, खाली दुकानांचे गाळे, आणि गाळ्यांमागच्या अंगणात पाटील खुर्चीवर बसून जाळीच्या टोपलीतले बोंबील निवडत होते. थोराड माणूस, डोक्यावर पांढरे दाट केस. मी नाव सांगितलं, सोसायटी सांगितली.

"तो बाणवाला?" पाटील म्हणाले. "हाय काय अजून?"

"आहेत. रविवारी सकाळी विचुंब्याला या म्हणतायत. होडी घेऊन."

"तो बोल्ला का तुमी बोलताव?"

"ते बोलले. माझ्या तोंडून."

"तोंड नाय त्याला?" पाटील बोंबील निवडत राहिले. मग आत हाक मारून त्यांनी मला चहा मागवला. "बाय, ती होरी मी चालवतो अजून. पन नल्यांना लाकराची बुचं ठोकलीत. बाण बंद."

"बुचं निघतील का?"

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पोहता येतं का विचारलंय. "मी ठोकलीत ना? मी कारीन." जाताना त्यांनी फाटकापर्यंत येऊन सांगितलं, "त्याला सांगा, होरी पुन्ना बुरली तं मी त्याला तल्यात बुरवीन."

मी हा निरोप जसाच्या तसा दिला. काका पहिल्यांदा मोठ्याने हसले.

रविवारी तळ्यावर दोघे दहा पावलांवर उभे होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. पाटलांनी स्कूटरवरून होडी गोधडीत गुंडाळून आणली होती. ती काळी, मांजराएवढ्या अंगाची, पाठीवर दोन गोल तोंडं असलेली वस्तू मी पहिल्यांदा पाहत होते.

"बाय, त्याला इचारा, बाण कुठं हाय."

"सांगा त्यांना, पिशवीत आहे."

"इचारा, वजन केलंय का नीट, का मागच्यासारखा?"

"सांगा, केलंय," काका म्हणाले, आणि मग हळू, फक्त मला, "मागचा हलकाच होता. हे सांगू नका. दिसेल त्याला."

काठावर होडी धरून पाटील उकिडवे बसले आणि काका बाण नळीत घालू लागले. हात थरथरत होता. बाणाचं बूड नळीच्या कडेवर टकटक वाजत होतं आणि आत जात नव्हतं. पाटलांनी हे पाहिलं. हात असा झालाय हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, काकांनीही नाही. मला वाटलं ते बाण घेऊन स्वतःच घालतील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी होडी दोन्ही हातांनी अजून घट्ट धरली आणि काकांच्या हाताबरोबर तीही थोडी थोडी हलवत राहिले, इकडे, तिकडे, बाण सापडेपर्यंत. "सावकास," ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही निरोप पोहोचवला नाही.

दोन्ही बाण बसले. नळ्यांची तोंडं मी रबराने बंद केली. पाटील रिमोट घेऊन पलीकडच्या काठावर गेले, कारण होडीवर त्यांना तिथून नजर ठेवायची सवय होती. बाणांच्या दोन बटणांचा वेगळा छोटा रिमोट काकांकडे. मी मध्ये कागद घेऊन उभी. तळ्याच्या त्या बाजूला एक नवी इमारत अर्धी झाली होती, तिच्यावरचे मजूर काम थांबवून बघत होते.

"हवा?" मी ओरडले.

"भरली हाय!" पलीकडून पाटील ओरडले. माझ्या बाजूला काकांचे ओठही हलले होते, पण आवाज काढला नव्हता.

"झडप?"

"बंद हाय!"

"रबर?"

"तुमीच लावलाय ना, बाय!"

"समोर कोणी?"

"कोन नाय. सोड!"

होडी खाली गेली. वर फक्त अँटेनाची बोटभर तार राहिली. काकांनी पहिलं बटण दाबलं. पाण्यावर थोडे बुडबुडे आले आणि विरले. बाण सुटलाच नाही. रबर जाड पडलं होतं. इमारतीवरून कुणीतरी शिटी मारली. काकांचा चेहरा उतरला होता. आता एकच राहिला.

"बाई," ते मला म्हणाले, "या वेळी मी वर बघणार नाही."

मी पुन्हा सगळं विचारलं, पाटलांनी पुन्हा सगळी उत्तरं दिली. काकांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि अंगठा दुसऱ्या बटणावर टेकवला.

पाणी फुटलं आणि बाण बाहेर आला. मी इतके बाण गच्चीवर पाहिले होते, पण पाण्यातून आलेला पहिल्यांदा. तो सरळ वर गेला, ओला आणि पांढरा, वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा झाला, वळला आणि तळ्याच्या मधोमध पडून बुडाला. मजुरांनी आरडाओरडा केला. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केलीच नव्हती. ते त्या बोटभर तारेकडे बघत होते. तार पाण्यात जिथे होती तिथेच, तेवढीच वर होती.

"पाटील!" काका ओरडले. तो आवाज त्यांचा स्वतःचा होता, आणि चांगला मोठा होता. "किती वर गेला?"

"दुसऱ्या स्लॅपच्या वर!" पाटील म्हणाले. "होरी?"

"हलली नाही!"

पाटलांनी तिकडे रिमोट खाली घेतला. "मी नाय बगितली," ते म्हणाले. "मी या टायमाला वर बगत होतो."

मग ते काठाने फेरी घालून आले आणि आम्ही टपरीवर चहा प्यायलो. पाटील एवढंच म्हणाले, "रबर पातल घे पुढच्या टायमाला," आणि काका म्हणाले, "हो." नाशिकचं त्यांनी काढलं नाही. मी बोलणार होते, त्यांनी टेबलाखालून माझ्याकडे हात हलवून नको म्हणून खूण केली. परतताना रिक्षात म्हणाले, "आज नको. मी नंतर कळवीन त्याला."

संक्रांत झाली, मुलगी आली. सामानाची बांधाबांध मी केली. न सुटलेला तो एक बाण काकांनी कपड्यांत ठेवायला लावला. याचं नेमकं काय चुकलं ते बघायचंय म्हणाले. पिंप सावंतवहिनींनी मागून घेतलं, त्यात त्या आता गच्चीवर पाणी साठवतात. काकांनी पाटलांना कळवलं असेल असं मी धरून चालले होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी जिन्यात बेल ऐकू आली. वाजतेय, थांबतेय, पुन्हा वाजतेय. मी वर गेले. काकांच्या बंद दारासमोर पाटील उभे होते, काखेत गोधडीची गुंडाळी.

"झोपलाय काय तो?" ते म्हणाले. "बोट दुखला माजा."

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दाराकडे पाहिलं, मग जिन्याच्या पायरीवर बसून गोधडी उलगडली. होडीच्या पाठीवर आता चार तोंडं होती. नवी दोन इतकी नीट बसवली होती की जुनी कुठली ते ओळखू येत नव्हतं.

"चार केल्या," पाटील म्हणाले. "एक नाय सुटला तं तीन रातात. दोनात जीव वर-खाली होतो." त्यांनी अंगठ्याने एका तोंडाची कड पुसली. "सांगून नाय गेला."

मी नाशिकला फोन लावला. मुलीने तो काकांच्या कानाशी धरला. पाटील मोठ्याने बोलले, "कवा येतंस? चार नल्या केल्या रे!" पलीकडचं त्यांना काही ऐकू येईना. त्यांनी कान बदलला, मग फोन माझ्याकडे दिला. काकांचा आवाज अगदी गेला होता. मी दुसरा कान बोटाने बंद करून ऐकलं आणि जसंच्या तसं सांगितलं.

"ते म्हणतायत, चारही नळ्यांत पाणी भरून चालव. रिकाम्या ठेवू नकोस. वजन तेवढंच होतं. होडी सरळ जाईल."

"पानी भरून," पाटील म्हणाले.

"हो."

होडी गुंडाळून ते उठले. माझी त्या दिवशीची कामं तशीच टाकून मी त्यांच्याबरोबर विचुंब्याला गेले. तळं बरंच खाली गेलं होतं. पाटलांनी काठावर बसून चारही नळ्या मगाने भरल्या, एकेकीतली हवा निघून बुडबुडे थांबेपर्यंत थांबले आणि मग होडी सोडली. ती सरळ खाली गेली, पलीकडच्या काठापर्यंत जाऊन वळली.

मी पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, "सरळ जातेय." पलीकडून फक्त श्वास ऐकू आला. पाटलांनी हात पुढे केला म्हणून मी फोन त्यांना दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही. एका हातात रिमोट सांभाळत दुसऱ्या हाताने त्यांनी फोन पाण्याच्या दिशेने लांब धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. होडी पाण्याखाली होती. तळ्यावर कसलाच आवाज नव्हता.